नॉइजमधून उमटलेला आइनस्टाइन : सूक्ष्मदर्शनातील प्रतिमा-संस्करणाची एक चिकित्सा

इ.स. २०१३ च्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या ‘प्रोसीडिंग्ज’ या नियतकालिकात एक लेख आणि दोन पत्रे प्रसिद्ध झाली. तिन्हींचा रोख एकाच संशोधनावर होता. लेख रिचर्ड हेंडरसन यांचा, पत्रे मरीन व्हॅन हील आणि श्रीराम सुब्रमण्यम यांची. तिघेही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाच्या क्षेत्रातील मान्यवर. एचआयव्ही विषाणूच्या आवरणावरील प्रथिनाची जी त्रिमितीय रचना त्याच वर्षी त्याच नियतकालिकात छापून आली होती, ती खरोखर त्या प्रथिनाची आहे, की संगणकाला आधी दाखविलेल्या आकृतीचाच तो प्रतिध्वनी आहे, असा त्यांचा प्रश्न होता. मूळ संशोधकांनी उत्तर दिले आणि आपले निष्कर्ष ग्राह्यच आहेत असे सांगितले.

प्रस्तुत लेखात या वादाची चिकित्सा करावयाची आहे. वाद रेण्वीय जीवशास्त्रातला असला तरी त्याचा गाभा पदार्थविज्ञानाचा आणि संख्याशास्त्राचा आहे. शिवाय आपल्या महाविद्यालयांत पदव्युत्तर वर्गाचे जे प्रकल्प आज सादर होतात, त्यांपैकी अनेकांत शेवटी एक सुबक संस्करित प्रतिमा असते आणि गुण त्या प्रतिमेला मिळतात. म्हणून हा प्रश्न आपल्या टेबलावरचाही आहे.

आधी पद्धत थोडक्यात पाहू. प्रथिनाचे द्रावण अतिशय वेगाने गोठविले की पाण्याचे स्फटिक बनत नाहीत, काचेसारखा बर्फ तयार होतो आणि रेणू त्यात जसेच्या तसे अडकून राहतात. हे तंत्र झाक दुबोशे यांनी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी विकसित केले. परंतु इलेक्ट्रॉनांचा मारा प्रथिनाला सहन होत नाही. मात्रा वाढविली तर रेणूच मोडतो. म्हणून दर चौरस अँगस्ट्रॉमला काही दहा इलेक्ट्रॉन एवढ्यावरच भागवावे लागते आणि प्रतिमेत रेणूपेक्षा नॉइजच अधिक असतो. येथे नॉइज म्हणजे ध्वनी नव्हे, तर इलेक्ट्रॉन मोजण्यातील यादृच्छिक चढउतारामुळे पडदाभर विखुरलेले निरर्थक ठिपके. यावर उपाय सरासरीचा. एकाच प्रकारच्या हजारो रेणूंच्या प्रतिमा एकमेकींवर बरोबर जुळवून ठेवल्या की नॉइज परस्परांना खोडून काढतो आणि रेणू मात्र टिकून राहतो. हा विचार योआखिम फ्रँक यांनी १९७० च्या दशकात मांडला आणि पुढे त्याची गणिती साधने घडविली. दुबोशे, फ्रँक आणि हेंडरसन या तिघांना २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक याच कार्यासाठी विभागून मिळाले.

सगळी गोम ‘बरोबर जुळवून’ या दोन शब्दांत आहे. नॉइजमध्ये बुडालेली प्रतिमा कशाशी जुळवायची? त्यासाठी एक संदर्भ-प्रतिमा घेतात. प्रत्येक प्रतिमा सरकवून आणि फिरवून पाहतात. ज्या स्थितीत तिचा संदर्भाशी सहसंबंध सर्वाधिक येतो, ती स्थिती खरी मानतात. प्रतिमेत रेणू असेल तर हे योग्यच आहे. पण प्रतिमेत रेणू नसेल आणि नुसता नॉइजच असेल, तरीही कोणती ना कोणती स्थिती सर्वाधिक सहसंबंधाची असणारच. संगणक ती मुकाट्याने निवडतो. त्याने नकार द्यावा अशी सोय त्या प्रक्रियेत नसते.

हेंडरसन यांच्या लेखाच्या शीर्षकातच आइनस्टाइन आहे. शुद्ध नॉइजच्या १००० प्रतिमा घ्याव्यात, आइनस्टाइनच्या छायाचित्राशी त्या जुळवाव्यात आणि सरासरी काढावी, म्हणजे आइनस्टाइनचा ओळखू येणारा चेहरा समोर येतो. हे उदाहरण त्यांचे स्वतःचे नाही, ते २००९ मधील एका शोधनिबंधातून आले आहे, आणि संदर्भामुळे येणाऱ्या अशा कलाची गणिती चर्चा स्टुअर्ट व ग्रिगोरीफ यांनी २००४ मध्येच केली होती. धोका माहीत होता. तरी तो प्रत्यक्षात ओळखायला नऊ वर्षे आणि एक मोठा वाद लागला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

हे जादूसारखे वाटते, पण साध्या अंकगणिताने उलगडते. समजा संदर्भ-प्रतिमा ६४ गुणिले ६४, म्हणजे ४०९६ पिक्सेलची आहे. नॉइजचे प्रमाण विचलन १ धरू. संदर्भ-प्रतिमेचे मापन असे करू की तिच्या सर्व पिक्सेलच्या वर्गांची बेरीज १ यावी. म्हणजे तिच्या एका पिक्सेलचे मूल्य सरासरीने १ भागिले ६४ एवढे राहील. नॉइजच्या एका प्रतिमेचा तिच्याशी सहसंबंध ही शून्याभोवती पसरलेली यादृच्छिक संख्या असते आणि तिचे प्रमाण विचलन १ असते. आता १००० वेगवेगळ्या स्थिती तपासून त्यांतील सर्वांत मोठी निवडली, तर तिची अपेक्षित किंमत सुमारे ३.२ येते. अशा १००० प्रतिमांची सरासरी काढली की प्रत्येक पिक्सेलवरचा नॉइज १००० च्या वर्गमुळाने घटून सुमारे ०.०३२ उरतो. निवडीमुळे शिरलेला ३.२ चा कल मात्र घटत नाही, कारण तो प्रत्येक प्रतिमेत एकाच दिशेने आहे. ३.२ भागिले ६४ म्हणजे ०.०५. उरलेल्या नॉइजपेक्षा आइनस्टाइन दीडपटीहून थोडा ठळक! ४००० प्रतिमा घेतल्या तर तो तिपटीहून ठळक होतो. शेजारच्या स्थिती पूर्णपणे स्वतंत्र नसतात, त्यामुळे हे आकडे ढोबळ आहेत, पण दिशा हीच राहते. जास्त प्रतिमा घेतल्या की चूक कमी होते, हे आपण पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात शिकवितो. येथे जास्त प्रतिमा घेतल्याने चूक अधिक सुबक होते.

संगणक नसला तरी हे वर्गात करता येते. फळ्यावर १६ घरांचे एक वर्तुळ काढून त्यात अधिक आणि उणे अशी चिन्हे भरावीत. आकृती फार सलग नसावी, थोडी वेडीवाकडी असावी. ४० विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाने १६ वेळा नाणेफेक करून आपले वर्तुळ भरावे आणि फळ्यावरच्या वर्तुळाशी जास्तीत जास्त घरे जुळतील असे ते फिरवावे. न फिरविता सरासरी ८ घरे जुळतात. १६ स्थितींतून सर्वोत्तम निवडली की ११ ते १२ जुळतात. मग प्रत्येक घराचे बहुमत मोजावे. ४० पैकी सुमारे २८ मते फळ्यावरच्या चिन्हाच्या बाजूने पडतात आणि फळ्यावरची आकृती जवळपास जशीच्या तशी ‘सिद्ध’ होते. नाणी मात्र निष्पाप असतात. विद्यार्थी या ठिकाणी आधी हसतात आणि मग गप्प होतात, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

आता मूळ संशोधनाकडे वळू. युडोंग माओ, जोसेफ सोड्रोस्की आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ‘नेचर स्ट्रक्चरल अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी’मध्ये या प्रथिनाची सुमारे ११ अँगस्ट्रॉम विभेदनाची रचना प्रसिद्ध केली आणि २०१३ मध्ये ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये सुमारे ६ अँगस्ट्रॉमची. तीन एककांनी बनलेले हे प्रथिन म्हणजे विषाणूला पेशीत शिरण्याची किल्ली होय. लस बनवू पाहणाऱ्यांचे लक्ष्यही तेच. म्हणून ही रचना चुकीची असेल तर तिच्यावर बेतलेली पुढची वर्षे वाया जाण्याचा धोका होता. त्या रचनेत मध्यभागी पोकळी असलेला पिंजरा दिसत होता. हेंडरसन यांचा आक्षेप असा की, निवडलेल्या प्रतिमांत प्रथिनाचे कण आहेत याचाच पुरेसा पुरावा वाचकासमोर ठेवलेला नाही. व्हॅन हील यांच्या पत्राचे शीर्षक अधिक बोचरे होते. यादृच्छिक नॉइजमध्ये एचआयव्हीचे त्रिकूट सापडणे, असा त्याचा आशय.

येथे टीकाकारांचीही थोडी टीका करणे आवश्यक आहे. आइनस्टाइनचे उदाहरण इतके प्रभावी आहे की ते स्वतःच एक संदर्भ-प्रतिमा बनते. ते एकदा पाहिल्यावर वाचकाला प्रत्येक अंधुक रचनेत आइनस्टाइन दिसू लागतो. परंतु नॉइजमधून आकृती निर्माण होऊ शकते एवढेच त्या उदाहरणाने सिद्ध होते. अमुक एका प्रयोगशाळेत तसेच घडले, हे त्याने सिद्ध होत नाही. हेंडरसन यांना याची जाण होती असे दिसते. कारण त्यांच्या लेखाचा अधिक मोलाचा भाग चेहऱ्याचा नसून कसोट्यांचा आहे. नमुना थोडा कलवून एकाच कणाच्या दोन प्रतिमा घ्याव्यात आणि संगणकाने ठरविलेल्या दोन दिशांत तेवढाच कोन येतो का ते पाहावे. ही कसोटी रोझेंथाल आणि हेंडरसन यांनी २००३ मध्ये मांडली होती. नॉइजला हा कोन माहीत नसतो, त्यामुळे नॉइज या कसोटीत नापास होतो. अशा कसोट्या मागणे हा दोषारोप नव्हे. पुरावा देण्याची जबाबदारी रचना मांडणाऱ्यावर आहे एवढेच त्यात सांगितले आहे.

मग ११ आणि ६ अँगस्ट्रॉम हे आकडे कोठून आले, असे कोणी विचारील. विभेदनाचा आकडा सहसा असा काढतात. प्रतिमांचे दोन भाग करायचे, दोन स्वतंत्र रचना बांधायच्या आणि त्या कोणत्या सूक्ष्मतेपर्यंत एकमेकींशी सहमत आहेत ते पाहायचे. या मापाला फूरिये शेल कोरिलेशन म्हणतात. पण दोन्ही भाग एकाच संदर्भाशी जुळविले असतील, तर दोघांतही तोच कल शिरतो आणि दोघे एकमेकांशी उत्तम सहमत होतात. दोन साक्षीदारांना एकाच वकिलाने पढविल्यावर त्यांच्या जबान्या जुळणारच. म्हणून या वादानंतर ज्या गोष्टीवर भर आला ती म्हणजे दोन्ही भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेगळे ठेवणे. शेरेस आणि चेन यांनी २०१२ मध्येच याचा आग्रह धरला होता. त्याबरोबरच प्रारंभीचा संदर्भ इतका अंधुक करावा की त्यातील सूक्ष्म तपशील निकालात शिरूच शकणार नाहीत. निकालात सूक्ष्म तपशील आले तर ते प्रतिमांतून आले असे तेव्हाच म्हणता येते. त्या काळापर्यंतच्या कित्येक निबंधांत विभेदनाचा आकडा हा प्रामाणिकपणाचा दाखला असल्यासारखा छापला जात असे. तो अंतर्गत सुसंगतीचा आकडा होता, सत्याचा नव्हता. आपल्याकडील संशोधनलेखांत दशांश चिन्हानंतरचे तीन अंक ज्या आत्मविश्वासाने छापले जातात, त्याचीही यानिमित्ताने आठवण होते.

२०१३ च्या अखेरीस याच प्रथिनाच्या वेगळ्या, स्थिर केलेल्या रूपाच्या दोन रचना ‘सायन्स’मध्ये एकत्र प्रसिद्ध झाल्या. एक क्ष-किरण स्फटिकशास्त्राने ४.७ अँगस्ट्रॉमपर्यंत, दुसरी क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने ५.८ अँगस्ट्रॉमपर्यंत. दोन पूर्णपणे भिन्न पद्धती, आणि चित्र मात्र एकच. त्यात मध्य-अक्षाभोवती प्रथिनाच्या सर्पिलाकृती कडा होत्या. पिंजऱ्यातील पोकळी तेथे नव्हती. यावरून आधीची रचना खोटी ठरली असे घाईने म्हणू नये. नमुने एकसारखे नव्हते, आधीच्या नमुन्यात प्रथिन न कापलेल्या रूपात होते. पण लस-संशोधन पुढे गेले ते या दोन रचनांच्या आधाराने, आणि त्यामागचे मुख्य कारण पद्धतींचे हे स्वातंत्र्य होते असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या ठिकाणी आपल्या नियतकालिकांतील एका सवयीबद्दल बोलणे भाग आहे. प्रकाश किंवा दृष्टी हा विषय आला की आपण पहिल्या परिच्छेदात इब्न अल-हैसम यांचे नाव घेतो, ‘किताब अल-मनाजिर’चा अभिमानाने उल्लेख करतो आणि दुसऱ्या परिच्छेदात त्यांना विसरतो. त्यांच्या ग्रंथातील जो भाग या वादाशी थेट भिडतो तो क्वचितच कोणी वाचतो. दिसणे हे केवळ डोळ्यावर पडलेल्या प्रकाशाने पूर्ण होत नाही, ओळखण्यात पूर्वस्मृती आणि अनुमान यांचाही वाटा असतो आणि हे अनुमान इतके झटपट होते की पाहणाऱ्याला त्याची जाणीवही राहत नाही, असे विवेचन त्यांनी अकराव्या शतकाच्या प्रारंभी केले. दृष्टीच्या चुका कशा होतात यावर त्यांनी त्या ग्रंथाचा एक स्वतंत्र भाग खर्ची घातला. टॉलेमीसारख्या सर्वमान्य आचार्याच्या ग्रंथांवरील शंकांचे वेगळे पुस्तकही लिहिले. त्यांना क्रायो-सूक्ष्मदर्शनाचे जनक ठरविण्याची काहीही गरज नाही. पण संदर्भ-प्रतिमेशी जुळवून ‘ओळखणारा’ संगणक नेमके तेच झटपट अनुमान करतो, एवढे लक्षात घेतले तर त्यांचे नाव घेण्याला अर्थ राहील.

संदर्भ वापरूच नये, असा या सगळ्याचा अर्थ काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. संदर्भाशिवाय काहीच ओळखता येत नाही. प्रश्न आहे तो संदर्भ वापरून काय सिद्ध करता येते हा. याचे अत्यंत सुंदर उत्तर ग्रिगोरीफ यांच्या गटाने २०२३ मध्ये ‘ईलाइफ’ या नियतकालिकात दिले. संदर्भातून एक तुकडा मुद्दाम काढून टाकायचा, उरलेल्या संदर्भाने कण शोधायचे व जुळवायचे आणि शेवटी सरासरीत तो काढलेला तुकडा परत येतो का ते पाहायचे. प्रतिमांत खरा रेणू असेल तर न सांगितलेला भागही प्रकट होतो. नॉइज असेल तर त्या जागी नॉइजच राहतो. वर्गातल्या खेळातही हे करता येते. फळ्यावरच्या १६ घरांपैकी ४ घरे कोरी ठेवावीत आणि उरलेल्या १२ घरांवरूनच जुळवणी करावी. १२ घरांत ४० पैकी सुमारे ३० मते आकृतीच्या बाजूने पडतात आणि ४ कोऱ्या घरांत मते निम्मी-निम्मी विभागली जातात. पहिल्या खेळाने जो अविश्वास निर्माण होतो त्याला हा दुसरा खेळ दिशा देतो. म्हणून दोन्ही एकाच तासात घ्यावेत.

खगोलशास्त्रातही असेच एक उदाहरण आहे. इव्हेंट होरायझन टेलिस्कोपने एम ८७ दीर्घिकेतील कृष्णविवराची प्रतिमा १० एप्रिल २०१९ रोजी जाहीर केली. तत्पूर्वी चार गटांनी एकमेकांशी न बोलता तीच माहिती स्वतंत्रपणे वापरून प्रतिमा तयार केल्या होत्या. त्याशिवाय त्यांच्या संगणकीय पद्धती कृत्रिम माहितीवर तपासण्यात आल्या. तीत कड्याखेरीज भरीव चकतीसारख्या आकृतींचाही समावेश होता. कडे नसलेल्या माहितीतून कडे निर्माण होत नाही, हे आधी दाखवायचे आणि मग कडे दाखवायचे. वर्तमानपत्रांनी मात्र ते नारिंगी कडेच छापले. ही तपासणी छापण्याजोगी आहे असे कोणाला वाटले नाही.

अलीकडे नॉइज काढून टाकण्यासाठी कृत्रिम न्यूरल जाल वापरतात. २०२० नंतर क्रायो-सूक्ष्मदर्शनातही अशी साधने रुळली आहेत. त्यांत संदर्भ-प्रतिमा उघडपणे दिसत नाही, ती प्रशिक्षणाच्या माहितीत विरघळलेली असते. आइनस्टाइनचे छायाचित्र निदान टेबलावर होते आणि बाजूला ठेवता येत होते.

आता आपल्या टेबलाकडे. महाविद्यालयातील विद्यार्थी नॅनोकण तयार करतो. नमुना विद्यापीठाच्या उपकरण केंद्राकडे पाठवितो, शुल्क भरतो आणि स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चार जेपीजी प्रतिमा घेऊन येतो. मग ‘इमेजजे’ या मोफत प्रणालीत त्या उघडून त्यांना गॉसियन अंधुकता देतो, उंबरठा ठरवितो, कण मोजतो आणि आकारमानाचा स्तंभालेख काढतो. यात गैर काही नाही. पण पुढील प्रयोग करून पाहावा. त्याच प्रणालीत एक कोरी प्रतिमा घ्यावी आणि तिच्यात यादृच्छिक नॉइज भरावा. तिला ३ पिक्सेलची गॉसियन अंधुकता देऊन उंबरठा लावावा. पडद्यावर गोलसर, वेगळे वेगळे, जवळपास सारख्या आकाराचे ठिपके दिसतील. त्यांची रुंदी ढोबळमानाने १० पिक्सेल भरेल, कारण ती अंधुकतेनेच ठरलेली आहे. एक पिक्सेल म्हणजे २ नॅनोमीटर अशी मोजपट्टी लावली की सुमारे २० नॅनोमीटरचे कण ‘तयार’ झाले. घंटेच्या आकाराचा स्तंभालेखही मिळतो. असे आकडे आपल्या प्रबंधिकांत किती वेळा येतात हे मार्गदर्शकांनी आपापल्या कपाटातून काढून पाहावे.

एका परीक्षकाने तोंडी परीक्षेत अशाच एका प्रतिमेसंबंधी मूळ फाइल मागितली, तेव्हा विद्यार्थ्याकडे ती नव्हती. संस्करण करताना त्याने मूळ फाइलवरच नवी जतन केली होती. त्या वेळी मार्गदर्शक नाराज झाले ते परीक्षकावर. चूक विद्यार्थ्याची होती असे मी म्हणणार नाही, कारण मूळ प्रतिमा जोडण्याचा रकानाच आपल्या प्रकल्प-नमुन्यात नाही. मोठ्या प्रयोगशाळांतही परिस्थिती फार निराळी नव्हती. २०१३ च्या वादात वाचकाला स्वतः निर्णय करता आला नाही, याचे एक कारण मूळ प्रतिमा सर्वांसमोर ठेवण्याची प्रथाच तेव्हा नव्हती. युरोपियन बायोइन्फॉर्मेटिक्स इन्स्टिट्यूटमध्ये मूळ सूक्ष्मदर्शकीय प्रतिमांसाठी ‘एम्पियर’ हे खुले भांडार त्याच सुमारास सुरू झाले. आज त्यातून कोणत्याही शिक्षकाला खऱ्या क्रायो-प्रतिमा विनामूल्य उतरवून घेता येतात. त्या पडद्यावर लावून ‘यात रेणू कोठे आहे?’ असे विचारावे. बहुतेकांना दिसत नाही. अनेकदा आपल्यालाही दिसत नाही, आणि तसे वर्गात सांगण्यास हरकत नाही.

राहिला प्रश्न खर्चाचा. कोऱ्या नमुन्याची तुलनात्मक प्रतिमा मागितली की उपकरण केंद्र तिचेही शुल्क लावते, म्हणून विभाग ती टाळतात, ही तक्रार रास्त आहे. पण वेगळा नमुना पाठविण्याची आवश्यकताच नाही. ज्या धातूच्या बुंध्यावर कण पसरलेले असतात त्याच्याच एका कोपऱ्यात कण न टाकलेली जागा राखावी आणि चालकाला चारपैकी एक प्रतिमा तेथील घेण्यास सांगावे. विशालन तेच, प्रकाशमान तेच, फाइल टिफ स्वरूपात. मग ज्या क्रमाने आणि ज्या उंबरठ्याने इतर तीन प्रतिमांचे संस्करण केले, त्याच क्रमाने या चौथीचे करावे. त्या रिकाम्या कोपऱ्यात संगणकाने किती ‘कण’ मोजले तो आकडा स्तंभालेखाच्या खालीच लिहावा.